हृदयतालविकार : रुग्णांची उपगटनिश्चिती

हृदयाच्या ठोक्यांचा वेग, क्रम किंवा नियमितपणा बिघडणाऱ्या विकारांना हृदयतालविकार म्हणतात. अशा रुग्णांच्या नोंदींतून परस्परसदृश रुग्णांचे गट यंत्र-अध्ययनाने (संगणकाने माहितीतील आकृतिबंध स्वतः शोधण्याच्या पद्धतीने) ठरविता येतात. अलिंद-तंतुस्फुरण या विकाराच्या बाबतीत या पद्धतीचा विशेष अभ्यास झाला आहे.

या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे (अलिंदांचे) स्नायुतंतू एकत्रितपणे आकुंचन न पावता विस्कळितपणे स्फुरण पावतात. त्यामुळे डाव्या अलिंदाच्या उपांगात रक्त साकळून गुठळी होण्याची व ती मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याची भीती असते. रक्तक्लथनरोधी (रक्त साकळू न देणाऱ्या) औषधांनी हा धोका कमी होतो. परंतु त्यांमुळे रक्तस्राव संभवतो. म्हणून रुग्णाची नेमकी पारख महत्त्वाची ठरते.

रूढ वर्गीकरण विकाराच्या कालावधीवर आधारलेले आहे. ७ दिवसांच्या आत थांबणारा तो प्रावेगिक व त्याहून अधिक टिकणारा तो स्थायी होय. मात्र एरवी निरोगी असलेला तरुण आणि मधुमेह व रोहिणी-काठिण्य असलेला वृद्ध हे दोघेही यानुसार एकाच वर्गात पडू शकतात.

गुच्छ विश्लेषणात वय, सहव्याधी, तपासण्यांचे निष्कर्ष इ. अनेक घटकांच्या मूल्यांनुसार प्रत्येक रुग्ण हा बहुमितीय अवकाशातील एक बिंदू मानतात. श्रेणीबद्ध पद्धतीत प्रारंभी प्रत्येक बिंदू हा स्वतंत्र गट असतो. नंतर सर्वांत निकटचे गट क्रमाक्रमाने जोडले जातात. या जोडण्यांच्या वृक्षालेखावरून गटांची संख्या ठरवितात. गट कोणते असावेत, हे संगणकास आधी सांगितलेले नसते.

अमेरिकेतील ‘ऑर्बिट-एएफ’ या नोंदवहीतील ९,७४९ रुग्णांचे असे विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चार गट आढळले : सहव्याधी अल्प असलेले ४,६७३, तुलनेने तरुण व वर्तनविषयक विकार असलेले ९६३, गतिकारक यंत्रासारखी उपकरणे बसविलेले १,६५१ आणि रोहिणी-काठिण्यजन्य व्याधी असलेले २,४६२. हे गट रूढ वर्गीकरणाशी जुळले नाहीत. पहिल्या गटाच्या तुलनेत इतर तिन्ही गटांत हृदय, रक्तवाहिन्या व मेंदू यांच्या गंभीर उपद्रवांचा धोका अधिक आढळला.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. माहितीत वास्तविक गट नसले, तरी गणनरीती गट पाडून देतेच. कोणते घटक निवडले व ते कोणत्या मापात मांडले, यांवरही निष्कर्ष अवलंबून असतो. त्यामुळे वेगळ्या रुग्णसमूहावर पडताळा घेणे अनिवार्य ठरते. वरील अभ्यासात तो त्याच मालिकेतील दुसऱ्या नोंदवहीवर घेण्यात आला. शिवाय गटावरून धोक्याची कल्पना आली, तरी त्या गटास कोणता उपचार हितकर होईल, हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी नियंत्रित चिकित्सा-परीक्षणांचीच आवश्यकता असते.