मूळ नाही हे १८७६ मध्ये कळले, अवयव सापडले १९०३ मध्ये

२ चा ६७ वा घात काढा आणि त्यातून १ वजा करा. येते ती २१ अंकी संख्या अशी : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. मोठ्या संख्यांबद्दलचे बरेच गैरसमज या एकाच संख्येवर तपासून पाहता येतात.

घातांक मूळ असला की उत्तरही मूळच येणार, हा त्यातला पहिला. २, ३, ५, ७ हे घातांक घेतले की ३, ७, ३१, १२७ येतात, सगळ्या मूळ. पण ११ घेतला की येतात २०४७, म्हणजे २३ गुणिले ८९. फ्रेंच धर्मगुरू मेर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची यादी दिली. त्यात ६७ होता. तो चुकीचा होता, पण हे सिद्ध व्हायला दोनशेहून अधिक वर्षे गेली.

दुसरा गैरसमज जास्त खोलवर रुजलेला आहे : संख्या मूळ नाही असे म्हणायचे, तर तिचा अवयव दाखवावाच लागतो. लागत नाही. एदुआर लुका यांनी १८७६ मध्ये ही संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध केले आणि तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता. मूळ संख्येने पाळायलाच हवी अशी एक कसोटी असते. संख्या त्या कसोटीत नापास झाली की निकाल लागला. मला गणितातली ही गोष्ट फार मोलाची वाटते.

अवयव मिळाले १९०३ मध्ये. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कमधील सभेत फ्रँक नेल्सन कोल उठले. एक शब्दही न बोलता त्यांनी फळ्यावर १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणले आणि जागेवर जाऊन बसले, असे सांगितले जाते. या कामाला तीन वर्षांचे रविवार लागले, असे कोल यांनी सांगितल्याची आठवण गणितज्ञ ई. टी. बेल यांनी नोंदवली आहे.

मग कोल यांनी एकेका संख्येने भागून पाहिले असेल? तसे केले असते तर आयुष्य पुरले नसते. या संख्येचा कोणताही अवयव १३४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. पडताळा घ्या : १३४ गुणिले १४,४५,५८० अधिक १, म्हणजे बरोबर १९,३७,०७,७२१. याखेरीज आणखी चाळण्या लावून कोल यांनी उरलेल्या शक्यता कमी केल्या.

नवाचा ताळा जुळला की गुणाकार बरोबर, हेही खरे नाही. इथे अंकांच्या बेरजा ३७, ६४ आणि १०९ येतात. तिन्हींना ९ ने भागले की बाकी १, म्हणून ताळा जुळतो. पण गुणाकारातले दोन अंक आपसात बदलले तरी तो जुळेलच. ताळा चूक पकडू शकतो, बरोबर असल्याची हमी देत नाही.

आज संगणक ही २१ अंकी संख्या क्षणात फोडतो. त्यावरून संगणकाला कोणतीही संख्या फोडता येते असे समजू नका. इंटरनेटवरच्या सुरक्षेत वापरली जाणारी आरएसए पद्धत मोठ्या संख्या फोडण्याच्या अडचणीवरच उभी आहे. २५० अंकी आरएसए-२५० ही संख्या २०२० मध्ये फोडली गेली. ६१७ अंकी आरएसए-२०४८ चे अवयव अजून जाहीर झालेले नाहीत.