संशोधन आणि उपकरण : बाष्पकोठीचे उदाहरण

प्रयोगशाळेतील उपकरण हे आधी सिद्ध झालेल्या हेतूचे साधन असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा उपकरण आधी जन्मास येते आणि त्याचा खरा उपयोग मागाहून ध्यानात येतो. सी. टी. आर. विल्सन यांची बाष्पकोठी हे याचे बोलके उदाहरण होय.

१८९४ च्या सप्टेंबरात विल्सन यांनी स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत दोन आठवडे काढले. धुके व मेघ यांवर सूर्यप्रकाश पडून उमटणाऱ्या रंगीत वलयांनी त्यांचे चित्त वेधले. पुढील वर्षाच्या प्रारंभी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत हाच देखावा घडविण्याचा त्यांनी प्रयत्न आरंभिला. उपाय सोपा होता. बाष्पाने संपृक्त झालेली हवा एकाएकी प्रसरण पावू दिली म्हणजे ती थंड होते, आणि तिला पेलवेनासे झालेले बाष्प थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. मात्र थेंब बनण्यास काहीतरी आधार लागतो. तो हवेतील धूलिकणांचा असतो, हे एटकिन यांनी पूर्वीच दाखविले होते.

विल्सन यांनी वारंवार प्रसरण घडवून, धूलिकण थेंबांबरोबर खाली बसवून, हवा निर्मळ केली. आता मेघ दिसू नये, अशी अपेक्षा होती. परंतु हवेचे आकारमान मूळच्या १.२५ पटींहून अधिक वाढविले की काही मोजके थेंब पुन्हा दिसत. हे थोडके थेंब मलिनतेचा अवशेष म्हणून सोडून देणे सहज शक्य होते. विल्सन यांनी ते सोडले नाहीत. १८९६ मध्ये नव्यानेच सापडलेले क्ष-किरण कोठीत सोडताच थेंबांची दाटी झाली. विद्युत्‌भारित आयन हाच त्या थेंबांचा आधार, असे अनुमान यातून दृढ होत गेले.

यानंतर काही वर्षे ते वातावरणातील विजेच्या अभ्यासात गुंतले. १९१० च्या सुमारास ते या विषयाकडे परतले, तेव्हा प्रश्नच पालटला होता. वेगवान विद्युत्‌भारित कण हवेतून जाताना वाटेवर आयनांची रांग मागे सोडतो. ती विस्कटण्यापूर्वी हवा प्रसरण पावली, तर कणाची वाट थेंबांच्या रेषेने उमटेल! त्यासाठी हवेत खळबळ न माजविता प्रसरण क्षणार्धात व्हावयास हवे होते. म्हणून त्यांनी उथळ, काचेच्या छताची कोठी बनविली. तिचा तळ म्हणजेच दट्ट्या, जो एकदम खाली ओढला जाई. काचेचे काम ते स्वतः करीत. १९११ मध्ये कणांच्या मार्गांची पहिली छायाचित्रे त्यांना मिळाली. जे केवळ अनुमानाने जाणले जात होते, ते आता डोळ्यांना दिसू लागले.

पुढे ब्लॅकेट यांनी २३,००० छायाचित्रे घेऊन चार लाखांवर मार्ग तपासले. त्यांपैकी अवघ्या आठांत आल्फा कण नायट्रोजनच्या अणुकेंद्रात शिरून प्रोटॉन बाहेर पडल्याचे दिसले. हा निष्कर्ष १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२७ मध्ये विल्सन यांना नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला. १९३२ मध्ये अँडरसन यांना पॉझिट्रॉन आढळला, तोही बाष्पकोठीतच.

एवढ्या यशातही उणिवा होत्याच. कोठी पुन्हा सज्ज होण्यास वेळ लागे, आणि कण केव्हा येईल हे ठाऊक नसल्याने पुष्कळ छायाचित्रे वाया जात. १९३२ मध्ये ब्लॅकेट व ओक्कियालिनी यांनी गायगर गणित्रे कोठीस जोडली. तेव्हा कणच आपल्या आगमनाची सूचना देऊ लागला. वायू विरळ असतो, ही दुसरी उणीव. १९५२ मध्ये ग्लेझर यांनी वायूऐवजी अतितप्त द्रव योजून बुद्बुदकोठी रचली. येथे थेंबांच्या जागी बुडबुडे आले. तत्त्व मात्र पहिल्याचे भावंड होते.

आता संशोधनात या दोहोंची जागा बहुतांशी इलेक्ट्रॉनिक साधनांनी घेतली आहे. तथापि, या इतिहासातील बोध जुना झालेला नाही. मेघांची वलये पाहण्यासाठी जुळविलेल्या भांड्याने अणूचे अंतरंग उघडले, ते अपेक्षेविरुद्ध उमटलेल्या चार थेंबांची विल्सन यांनी उपेक्षा केली नाही म्हणून. नवे उपकरण घडविणाऱ्यास हस्तकौशल्य लागते. पण त्याहून अधिक लागते ती जुन्या उपकरणाच्या हट्टी विसंगतीकडे आस्थेने पाहण्याची वृत्ती.