मंगनीची अंगठी : दुकानात जाण्याआधी घरातला डबा उघडा

लग्नसराई जवळ आली की पनवेलच्या सराफी दुकानांत गर्दी वाढते. मंगनीला मुलीला अंगठी, निकाहला सेट, आणि हल्ली मुलालाही अंगठी. भाव ऐकून काळजात धस्स होते, तरी खरेदी होतेच. “किती ग्रॅम?” आणि “किती कॅरेट?” हे दोन प्रश्न सगळेच विचारतात. तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो : हे सोने आले कुठून, आणि ते काढताना कोणाचे पाणी, कोणाची जमीन खराब झाली?

पर्यावरणाला कमी त्रास देणारी अंगठी म्हणजे काही परदेशी, महागडी वस्तू नव्हे. बऱ्याच घरांत ती आधीपासून आहे. आजीच्या मोडक्या बाळ्या, जोडीतले एकटे उरलेले कर्णफूल, तुटलेली चेन, कोणाच्याच बोटात न बसणारी जुनी अंगठी.

खाणीत काय होते?

चांगल्या खाणीतही एक टन दगड फोडून बहुधा काही ग्रॅमच सोने मिळते. मोठ्या खाणींत दगडाचा भुगा करून त्यातले सोने सायनाइडने वेगळे करतात. उरलेला गाळ तिथेच साठतो. शेजारच्या कर्नाटकातल्या कोलारच्या खाणी शंभर वर्षांहून अधिक चालून २००१ मध्ये बंद पडल्या, पण गाळाचे डोंगर अजून उभे आहेत आणि वारा सुटला की त्यांची धूळ वस्त्यांवर येते. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत अनेक ठिकाणी लहान खाणींतले गरीब मजूर पारा वापरून सोने काढतात. माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यात सर्वांत मोठा वाटा याच कामाचा आहे. पारा आटोक्यात आणण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला. जपानच्या ज्या गावात पाऱ्याच्या विषाने माणसे अपंग झाली, त्याचेच हे नाव.

पनवेलकरांना हे जास्त समजावून सांगायला नको. कारखान्यांच्या सांडपाण्याने तळोज्याच्या कासाडी नदीचे काय झाले, ते आपण पाहिलेच आहे.

जुने सोने कधीच जुने होत नाही

सोने गंजत नाही, कितीही वेळा वितळवा, सोनेच राहते. म्हणून तर सराफाच्या दुकानातली धूळसुद्धा विकली जाते. ती धुऊन कण वेचणाऱ्याला मराठीत झारेकरी आणि उर्दूत न्यारिया म्हणतात. भारतातल्या घराघरांत मिळून सुमारे २५ हजार टन सोने असावे, असा वर्ल्ड गोल्ड काउन्सिलचा अंदाज आहे. तरीही आपण दरवर्षी शेकडो टन बाहेरून आणतो. तुम्ही घरातले सोने वापरले म्हणून जगातली खाण बंद पडणार नाही, हे खरे. पण निदान तुमच्या अंगठीसाठी नवीन दगड फोडावा लागणार नाही.

याचे दोन मार्ग आहेत. पहिला, आपलेच सोने देऊन फक्त घडणावळ द्यायची. दुसरा, जुने देऊन नवे घ्यायचे. दुसऱ्या मार्गात शरीअतचा एक मसला येतो. सोन्याच्या बदल्यात सोने घेताना वजन सारखे हवे आणि व्यवहार हातोहात हवा, नाहीतर तो व्याजात जातो. म्हणून उलेमा सांगतात की आधी जुने सोने विकून पैसे हातात घ्या, मग त्या पैशांनी नवे विकत घ्या. आपल्या बाबतीत नेमके कसे करावे, हे जवळच्या आलिमांना विचारा.

सोने देताना एवढे सांभाळा :

– खडे काढून निव्वळ वजन करा आणि शुद्धता मशीनवर तपासून घ्या. हॉलमार्किंग केंद्रातही फी भरून तपासणी होते.
– वितळवणे समोर करायला सांगा. आधीचे व नंतरचे वजन आणि किती तूट धरली, हे पावतीवर लिहून घ्या.
– “केडीएम आहे का?” असे अजूनही लोक कौतुकाने विचारतात. केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाक. त्याच्या धुराने कारागिरांची फुप्फुसे आणि मूत्रपिंडे खराब होतात. तो मागू नका.
– नवीन अंगठीवर हॉलमार्क हवा. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी क्रमांकाशिवाय सराफाला दागिना विकता येत नाही. हा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. मात्र २ ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला सक्ती नाही, म्हणून नाजूक अंगठीची पक्की पावती घ्याच.

एक लक्षात ठेवा. हॉलमार्क शुद्धता सांगतो, सोने कुठल्या खाणीतले ते सांगत नाही. कोणी “ग्रीन गोल्ड” म्हणून जादा पैसे मागितले, तर लेखी पुरावा मागा.

सोने कोणाचे, हे आधी ठरवा

हा सर्वांत नाजूक मुद्दा. घरातले सोने म्हणजे घरच्या पुरुषांचे सोने नव्हे. आईला मेहरमध्ये मिळालेली बांगडी आईची, भाभीच्या माहेरचा हार भाभीचा. “पर्यावरणासाठी” किंवा “घरच्या लग्नासाठी” म्हणून तो तिच्याकडून काढून घेणे जायज नाही. मालकीण राजीखुशीने देत असेल तरच घ्या, आणि तो तोहफा आहे की उधार, हेही तेव्हाच बोलून घ्या. अंगठी मेहरमध्ये देणार असाल, तर तिचे वजन आणि कॅरेट निकाहनाम्यात लिहा.

मुलासाठी चांदी, आणि खड्यांचे काय?

मुस्लिम पुरुषाला सोने हराम आहे, चांदीची अंगठी जायज आहे. तरी मंगनीत दुल्ह्याला सोन्याची अंगठी घालण्याचा रिवाज शिरलाच आहे. ती सोडली तर दीन आणि पर्यावरण, दोन्हींचे भले. चांदीही हलकीच बरी. हनफी मसलकात एक मिस्काल, म्हणजे साधारण ४.३७ ग्रॅमच्या आतच. कोकणातल्या शाफईंमध्ये ठरावीक आकडा नाही, पण रिवाजापेक्षा जड म्हणजे इसराफ.

चांदीत अकीक बसवायची आवड खूप जणांना असते. हा दगड मुख्यत्वे गुजरातच्या खंभातमध्ये घासला जातो. घासताना उडणाऱ्या बारीक धुळीने तिथल्या कारागिरांना सिलिकोसिस होतो, आणि काम घराघरांत चालत असल्याने बायका-मुलांच्या छातीतही ती धूळ जाते. या आजारावर इलाज नाही. म्हणून वडिलांच्या किंवा नानांच्या अंगठीतला अकीक नव्या चांदीत बसवून घ्या. दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

हिऱ्याचा मोह असेल तर प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा आज मिळतो. तो खराच हिरा असतो, त्यासाठी जंगल तोडावे लागत नाही. मध्य प्रदेशातल्या बक्सवाहा इथे हिऱ्यांच्या खाणीसाठी दोन लाखांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव होता. २०२१ मध्ये त्याविरुद्ध लोक उभे राहिले. पण या हिऱ्याला वीज भरपूर लागते, आणि ती कोळशाची असेल तर फायदा कमी होतो. शिवाय त्याचे भाव खूप उतरले आहेत. परत विकायला गेलात तर फार कमी मिळेल. बचत म्हणून तो घेऊ नका.

हदीसमध्ये येते की, मेहर द्यायला काहीच नसलेल्या एका सहाबींना रसूलुल्लाह (स.) यांनी लोखंडाची अंगठी तरी शोधून आणायला सांगितले. तीही मिळाली नाही, तेव्हा त्यांना पाठ असलेल्या कुरआनवर निकाह लावून दिला. नातं जोडायला जड अंगठी लागत नाही. तेव्हा या मोसमात सराफाकडे जाण्याआधी घरातल्या बायकांसोबत बसा, डबा उघडा, काय आहे ते बघा. आणि ज्या गोष्टीची गरजच नाही, ती यादीतून काढून टाका.