तंबूतलं पाणी येतं कुठून?

कॉनेमारातला आमचा पहिला कॅम्प. मे महिना, बाहेर थेंबभरही पाऊस नाही, तरी पहाटे कपाळावर टपकन पाणी पडलं. तंबू गळतोय अशी माझी खात्रीच झाली. मी शिवणींवर चिकटपट्ट्या लावल्या, खिडक्यांच्या चेन घट्ट ओढल्या. दुसऱ्या रात्री पाणी दुप्पट! शिवणी ठीकच होत्या, माझं अनुमान तेवढं चुकलं होतं.

ते पाणी आमचंच होतं. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतो. चौघांचं कुटुंब म्हणजे लिटरभर. १५ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १३ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, ५ अंशांना जेमतेम ७ ग्रॅम. आतली उबदार हवा तंबूच्या थंड कापडाला टेकली की जास्तीची वाफ दव होऊन कापडावर जमते. कॅम्परव्हॅनच्या काचांवरही हेच घडतं. त्यात आयर्लंडची हवा मुळातच ओलसर, म्हणून इथे हा त्रास जास्त.

यावरचा उपाय सोपा आहे, पण मनाला पटत नाही: थंडी असली तरी वरची आणि खालची अशा दोन झडपा उघड्या ठेवा. हलकी झालेली दमट हवा वरून निघून जाते आणि खालून ताजी आत येते. ओले बूट आणि रेनकोट आत वाळत घालू नका. आणि आत गॅस पेटवू नका. १०० ग्रॅम ब्यूटेन जळला की सुमारे १५५ ग्रॅम पाणी तयार होतं. इंधनापेक्षा पाणी जास्त कसं? कारण त्यातला ऑक्सिजन हवेतून येतो. म्हणजे ऊब मिळावी म्हणून शेगडी लावली, तरी तंबू ओलाच होतो.

पण ओलं अंथरूण हा यातला सगळ्यात लहान धोका. मोठा धोका मला त्याच सहलीत कळला. संध्याकाळी पाऊस आला आणि आम्ही सुपरमार्केटातल्या वापरून टाकायच्या बार्बेक्यूची ॲल्युमिनियमची थाळी तंबूच्या पुढच्या भागात ओढून घेतली. ज्वाळा नव्हती, धूर नव्हता, नुसता लालसर निखारा. ‘छान ऊब आहे,’ असं मीच म्हणालो. शेजारच्या तंबूतल्या एका आजोबांनी ते पाहिलं, एक शब्दही न बोलता थाळी उचलली आणि पावसात ठेवून दिली. रसायनशास्त्रात डॉक्टरेट माझ्याकडे होती, अक्कल त्यांच्याकडे.

धूर संपला म्हणजे कोळसा निरुपद्रवी झाला, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात विझत आलेला निखाराही तासन्‌तास कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही. तो हवेपेक्षा किंचितच हलका असल्याने सगळीकडे सारखा मिसळतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे फुप्फुसांत हवा असूनही शरीर गुदमरतं. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणं दिवसभराच्या चालण्याच्या थकव्यासारखीच वाटतात. झोपलेल्याला तर तीही कळत नाहीत.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायचेच की! ठेवायचे, पण ते घर कौलारू, फटीफटींतून वारा खेळणारं. तरी धोका होताच. नायलॉनचा तंबू आणि रबरी पट्ट्यांनी बंद होणारी व्हॅन ही वेगळी गोष्ट. जुनी सवय नव्या घरात नेताना, घर बदललंय हे आपण विसरतो.

म्हणून हे नियम पाठ करा. बार्बेक्यू, विझलेला असला तरी, तंबूत किंवा गाडीत आणायचा नाही. व्हॅनमधल्या गॅसवर स्वयंपाक करताना झडप उघडी हवी, आणि तो गॅस खोली तापवायला वापरायचा नाही. ईएन ५०२९१-२ या मानकाचा, म्हणजे फिरत्या घरांसाठी आणि बोटींसाठी असलेला, बॅटरीवरचा अलार्म सोबत ठेवा. एकाच वेळी दोघातिघांचं डोकं दुखू लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर थकवा समजू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ किंवा ९९९ ला फोन करा.

मग ऊब कुठून आणायची? आधी खालून. अंगाखाली स्लीपिंग बॅग दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि जमीन उष्णता ओढून घेते. म्हणून चांगल्या जाड मॅटवर केलेला खर्च दुसऱ्या पांघरुणापेक्षा जास्त उपयोगी. मॅट पातळ असेल तर खाली वर्तमानपत्रांचे थर किंवा जुनी सतरंजी. नंतर रबरी पिशवीत गरम पाणी. एक लिटर पाणी ८० अंशांवरून ३५ वर येताना सुमारे ५० वॅट-तास उष्णता देतं. झोपलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण पाऊण तासात बाहेर पडते तेवढी. पिशवीला मोजा घाला, नाहीतर कातडी भाजेल.

गॅस मंदावला तर घाबरू नका. इथल्या पिवळ्या सिलिंडरात ब्यूटेन असतो. त्याचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत त्याची वाफच होत नाही. लाल सिलिंडरातल्या प्रोपेनचा उणे ४२. थंडीच्या सहलीला प्रोपेन बरा. अर्थात तुमची शेगडी आणि रेग्युलेटर त्यासाठीच बनवलेले असायला हवेत.

आणि माठ आणू नका! मी आणला होता. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी भराभर पाझरून उडतं, म्हणून माठ गार होतो. इथल्या दमट हवेत ते उडतच नाही. दुधाची बाटली सरळ झऱ्याच्या थंड पाण्यात बांधून ठेवा.

त्या आजोबांचं नाव मी विचारलं नाही. पण दरवर्षी पहिल्या रात्री, मुलं झोपल्यावर, मी वरची झडप उघडी आहे ना हे हात लावून पाहतो. तुम्हीही पाहा. कपाळावर गार वारा लागला, तर तंबू नीट लागलाय असं समजा.