संभाषण क्रमांक (ईमेल)

संभाषण क्रमांक हा साठवलेल्या ईमेलच्या डेटाबेसमध्ये एकाच संभाषणातील सर्व संदेशांना दिला जाणारा सामाईक क्रमांक होय. ईमेलच्या हेडरमध्ये संदेशाची स्वतंत्र ओळख असते. उत्तरात सहसा मूळ संदेशाची ओळखही नोंदवली जाते. ही रचना आरएफसी ५३२२ (२००८) या मानकात दिली आहे. केवळ या नोंदींवरून संपूर्ण संभाषण शोधण्यासाठी एका उत्तरावरून दुसऱ्याकडे जाणारी पुनरावर्ती क्वेरी लिहावी लागते. एसक्यूएलच्या मानकात तिचा समावेश १९९९ मध्ये झाला. संदेश साठवतानाच संभाषण क्रमांक नोंदवल्यास एका साध्या अटीने तेच काम होते. 'नॉटमच' ही मुक्तस्रोत प्रणाली ही पद्धत वापरते.

मात्र मधला संदेश उशिरा आल्यास एकाच संभाषणाला दोन क्रमांक पडू शकतात. ते नंतर एकत्र करावे लागतात. म्हणजेच शोध सोपा होतो, तो साठवणुकीचे काम वाढवून.