गाणं ऑनलाइन चढवण्याआधी

स्पॉटिफायवर स्वतंत्र कलाकाराला गाणं थेट चढवता येत नाही. मध्ये वितरक लागतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा १२ अक्षर-अंकी आयएसआरसी क्रमांक बहुधा तोच मिळवून देतो. हा क्रमांक जपून ठेवा, वितरक बदलला तरी तोच राहतो. २०२४ पासून तिथे आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला मानधन नाही. नवोदितांवर हा अन्यायच आहे.

गाणी थेट विकायच्या बँडकॅम्पचा हिशेब सरळ: डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के आणि व्यवहारशुल्क वजा, बाकी कलाकाराचे. कोविडने मैफली थांबल्या तेव्हा, २० मार्च २०२० रोजी, त्यांनी दिवसभर आपला वाटा सोडला; पुढे तोच ‘बँडकॅम्प फ्रायडे’ झाला.

कच्ची चाल ऐकवायला साउंडक्लाउड बरं. तिथे श्रोता गाण्यातल्या नेमक्या आवडलेल्या जागेवरच दाद लिहितो.