संगणकाचा फिरता रंगमंच

संगणक अडकला की आपल्याकडे एकच घरगुती उपाय असतो. तो बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. पडद्यावर कंपनीचं चिन्ह येतं, थोडा वेळ जातो आणि यंत्र पुन्हा कामाला लागतं. त्या थोड्या वेळात आत काय घडतं, याची चौकशी आपण सहसा करत नाही. घरच्या संगणकापुरतं ते ठीकही आहे. पण ज्या सर्व्हरवर बँकेचे व्यवहार किंवा हवामानाची गणितं अहोरात्र चालू असतात, तिथे हाच उपाय महाग पडतो. त्यातूनच काही तंत्रज्ञांपुढे एक प्रश्न उभा राहिला. चालू संगणकाचा कारभार, तो बंद न करता, थेट दुसऱ्या कारभाऱ्याच्या हाती देता येईल का?

हा कारभारी म्हणजे 'कर्नेल', म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आपण पडद्यावर पाहतो ती चित्रं आणि खिडक्या हा वरचा साज. मेमरीतली कोणती जागा कुणाला द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, डिस्कवर कुणी आणि केव्हा लिहायचं, हे सगळं कर्नेल ठरवतं. लिनक्स हे असंच एक कर्नेल. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ते १९९१ साली लोकांसमोर आणलं आणि आज जगातले असंख्य सर्व्हर त्यावर चालतात.

आता नेहमीची सुरुवात कशी होते ते पाहू. वीज आली तेव्हा प्रोसेसरला काहीच ठाऊक नसतं. मेमरी किती, डिस्क कुठे, कीबोर्ड जोडलेला आहे की नाही, सगळाच अंधार. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा साठवलेला असतो. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणत. तो मेमरी तपासतो, जोडलेल्या यंत्रांची हजेरी घेतो आणि डिस्कवरचा 'लोडर' शोधतो. लोडर कर्नेलला मेमरीत आणून बसवतो आणि त्याच्या हाती सूत्रं देतो. या सगळ्या प्रकाराला 'बूट' होणं म्हणतात. आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणं, या इंग्रजीतल्या कल्पनेवरून हा शब्द आला.

घरच्या यंत्रात ही हजेरी चटकन आटोपते. मोठ्या सर्व्हरमध्ये मात्र मेमरीच्या पट्ट्या पुष्कळ, डिस्क सांभाळणारी कार्डं अनेक, आणि प्रत्येक कार्डाची स्वतःची वेगळी तपासणी. त्यात काही मिनिटं सहज जातात. कर्नेलला स्वतः उभं राहायला मात्र त्या मानाने थोडाच वेळ लागतो. म्हणजे बराचसा वेळ जातो तो, क्षणापूर्वी ठाऊक असलेली माहिती पुन्हा पहिल्यापासून विचारण्यात.

नाटकाच्या भाषेत सांगायचं तर, एक प्रवेश संपल्यावर थिएटर रिकामं करायचं, दिवे मालवायचे, दारावर पुन्हा तिकिटं तपासायची, तिसरी घंटा द्यायची आणि मग दुसरा प्रवेश सुरू करायचा, असा हा कारभार. फिरत्या रंगमंचावर असं होत नाही. पुढे पहिला प्रवेश चालू असतानाच मागे दुसऱ्याचं नेपथ्य लागलेलं असतं. मंच फिरतो आणि नाटक पुढे सरकतं.

लिनक्समधल्या या फिरत्या रंगमंचाचं नाव 'के-एक्झेक'. अशा कल्पना आधीही होत्या. नव्वदच्या दशकात 'लोडलिन' नावाचा प्रोग्रॅम चालू असलेल्या डॉसमधून थेट लिनक्स सुरू करत असे. ते तुलनेने सोपं होतं, कारण डॉस यंत्रावर फारशी पकड बसवत नाही. लिनक्ससारखं कर्नेल मात्र यंत्राचा कानाकोपरा ताब्यात घेतं. त्याला उठवून दुसऱ्याला बसवणं अवघड. अमेरिकेत लॉस अलामॉस प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी १९९९ साली बायोसच्या जागी लिनक्सच वापरण्याचा प्रकल्प सुरू केला. शेकडो संगणक एकत्र जोडून महासंगणक बांधणाऱ्यांना ही गरज जास्त जाणवत होती. त्याच वर्तुळातल्या एरिक बीडरमन यांनी के-एक्झेक लिहिलं आणि ऑगस्ट २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत ते अधिकृतपणे दाखल झालं.

त्याचं काम दोन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात चालू कर्नेल नव्या कर्नेलला मेमरीत आणून ठेवतं. बाकीची कामं तशीच सुरू असतात. दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष उडी. इथे पहिली अडचण अशी की, नव्याला जी जागा हवी, नेमका तिथेच जुना बसलेला असू शकतो. त्याने नव्याला आपल्या जागी उतरवायला घेतलं, तर बसल्या फांदीवरच कुऱ्हाड चालवल्यासारखं होईल. म्हणून हे काम करणारा अगदी लहानसा प्रोग्रॅम, दोघांच्याही वाटेत न येणाऱ्या जागी आधीच ठेवलेला असतो. तो नव्याची पानं जागच्या जागी लावतो. त्यानंतर आणखी एका छोट्या प्रोग्रॅमची पाळी येते. त्याचं नाव मोठं गमतीचं आहे, 'पर्गेटरी'. कॅथलिक श्रद्धेत स्वर्गात जाण्यापूर्वी आत्मा शुद्ध होण्यासाठी थांबतो ती ही अवस्था. नवं कर्नेल जसं ठेवलं तसंच आहे ना, याची खात्री इथे एका गणिती बेरजेने करता येते आणि मग सूत्रं दिली जातात.

जाता जाता जुनं कर्नेल चार्जची यादीही देतं. मेमरीचा कोणता भाग वापरायला मोकळा, कोणता राखीव, ही माहिती एरवी बायोसला विचारावी लागते. इथे बायोसला उठवायचंच नसल्यामुळे आधीच्याने ती लिहून ठेवलेली असते. एक गैरसमज मात्र नको. चालू असलेले प्रोग्रॅम यात वाचत नाहीत. पहिल्या प्रवेशातली पात्रं मंचावरून जातातच. वाचतो तो फक्त यंत्राच्या हजेरीचा वेळ.

आणि खरा धोकाही त्या पात्रांपाशीच आहे. नेटवर्क कार्डासारखी यंत्रं प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहू शकतात. जुन्या कर्नेलने त्यांना 'आलेली माहिती अमुक जागी ठेवत जा' असं सांगितलेलं असतं. जाण्यापूर्वी त्याने त्यांना थांबवलं नाही, तर ती बिचारी इमानेइतबारे तिथेच लिहीत राहतात. आता तिथे नव्या कर्नेलचा संसार मांडलेला असतो. एखादं पात्र मागच्या प्रवेशातच अडकून आपले संवाद म्हणत राहावं, तसा हा प्रकार. नेहमीच्या बूटमध्ये सगळं नव्याने सुरू होत असल्याने हा प्रश्न सहसा येत नाही. के-एक्झेकचा सारा भरवसा जाणाऱ्याने नीट आवरून जाण्यावर आहे.

मग जाणारा आवरण्याच्या स्थितीतच नसेल तर? कर्नेल स्वतःच कोसळलं तर? हा प्रश्न वेळ वाचवण्याहून मोठा आहे. सर्व्हर मध्यरात्री का कोसळला, याचा पुरावा त्या क्षणीच्या मेमरीत असतो. यंत्र बंद करून चालू केलं की तो पुसला जातो आणि तोच बिघाड पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. पूर्वी कोसळणारं कर्नेलच आपली मेमरी डिस्कवर लिहून ठेवण्याचा प्रयत्न करी. पण ज्याची शुद्ध हरपली आहे, त्याच्याच हातून पंचनामा कसा लिहून घ्यायचा? बिघाड डिस्क हाताळणाऱ्या भागातच असेल, तर चांगली माहितीही खराब व्हायची.

यावर 'के-डंप' हा उपाय निघाला आणि तोही २००५ सालच्या त्याच आवृत्तीत आला. त्यात आयबीएमच्या भारतातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. विवेक गोयल, हरिप्रसाद नेल्लितीर्थ आणि बीडरमन यांनी त्याच वर्षी कॅनडात ओटावा इथे भरलेल्या लिनक्स परिसंवादासाठी त्यावर निबंध लिहिला. उपाय साधा आहे. संगणक सुरू होतानाच मेमरीचा एक तुकडा बाजूला काढायचा आणि त्यात दुसरं कर्नेल बसवून ठेवायचं. पहिलं त्या खोलीत पाऊलही टाकत नाही. पहिलं कोसळलं की उडी थेट तिथे. दुसरं कर्नेल आपल्या खोलीतच जागं होतं, पहिल्याची मेमरी न विस्कटता एखाद्या फाइलसारखी वाचतं, सुरक्षित जागी साठवतं आणि मग यंत्र नेहमीसारखं सुरू करतं. न थांबलेली यंत्रं लिहीत राहिली, तरी ती जुन्या खोल्यांत लिहितात, या राखीव खोलीत नव्हे.

सूत्रं अशी सहज देता येतात म्हटल्यावर ती कुणाच्या हाती जातात, हाही प्रश्न आला. २०१२ च्या सुमारास संगणकांत 'सिक्युअर बूट' ही व्यवस्था पसरू लागली. विश्वासू सही असलेलंच कर्नेल सुरू होऊ द्यायचं, हा तिचा नियम. पण सही असलेल्या कर्नेलने आत आल्यावर सही नसलेल्याला खुर्ची दिली, तर पुढच्या दारावरचा पहारा काय कामाचा? म्हणून २०१४ साली लिनक्सच्या ३.१७ आवृत्तीत नवी सोय आली. तिच्यामुळे येणाऱ्याची सही चालू कर्नेललाच तपासता येते.

ही विद्या आता अडगळीतली राहिलेली नाही. आयबीएमच्या पॉवर जातीच्या काही सर्व्हरमध्ये लोडरचं काम एक छोटं लिनक्सच करतं आणि के-एक्झेकने मुख्य कर्नेलला जागा देतं. २०२५ साली आलेल्या ६.१६ या आवृत्तीत मेमरीचा ठरावीक भाग जसाच्या तसा पुढच्या कर्नेलकडे सोपवण्याची सोय झाली. एका मोठ्या सर्व्हरवर अनेकांचे आभासी संगणक चालतात, तिथे खालचं कर्नेल बदलताना वरच्यांना कमीत कमी धक्का बसावा, हा त्यामागचा हेतू.

बारकावे तंत्रज्ञांचे असले, तरी त्यातला विचार कुणालाही कळेल असा आहे. कारभार चांगल्या स्थितीत असतानाच पुढच्याची तयारी करून ठेवायची, जाताना आपली कामं आवरायची आणि यादी द्यायची. आणि आपण अचानक कोसळू शकतो हे मान्य करून, आपला हात लागणार नाही अशी एक खोली पहिल्या दिवशीच बाजूला ठेवायची. संकट आल्यावर ती बांधायला वेळ मिळत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)